तीन स्क्रूचं रूगर घेऊ का?

प्रश्न : नमस्कार. मी डॅलसजवळ राहतो, वय ४४. दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड मिळालं. ऑफिसातल्या एका मित्राने नेमबाजीच्या रेंजवर नेलं आणि त्याचं सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर हातात दिलं. दर गोळीला अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, मग चाप. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. गुहागरकडे आमच्या आजोबांची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. ती मी फक्त भिंतीवर टांगलेली पाहिली. आता स्वतःचं एक रिव्हॉल्व्हर घ्यायचं आहे, महिन्यातून दोन-तीनदा कागदावर नेम धरायला, बाकी कशाला नाही. बजेट हजार डॉलर. मित्र म्हणतो घ्यायचं तर कोल्टच, आणि तेही .४५ मापाच्या काडतुसाचं. दुकानदार इटालियन दाखवतो. एका पॉन शॉपमध्ये, म्हणजे गहाणाच्या दुकानात, जुनं रूगर ब्लॅकहॉक पाहिलं, .३५७, ५७५ डॉलर. तो म्हणाला, ‘थ्री-स्क्रू आहे, असं आता बनत नाही.’ घेऊ का? माझा मेहुणा एच-वन-बीवर इथेच असतो. तो म्हणतो दोघांत मिळून घेऊ. घरात १३ वर्षांचा मुलगाही आहे.

उत्तर : मेहुण्यापासून सुरुवात करतो. बाकी सगळ्या चुका पैसे टाकून दुरुस्त होतात, ही होत नाही.

एच-वन-बी हा बिगर-स्थलांतरित व्हिसा आहे. अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला अमेरिकेच्या फेडरल कायद्याने मनाई आहे. त्याला मोजके अपवाद आहेत. त्यातला सगळ्यांना माहीत असलेला म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकारी परवाना. ‘बाळगणं’ म्हणजे विकत घेणं एवढंच नव्हे. रेंजवर भाड्याचं रिव्हॉल्व्हर हातात धरणंही त्यात येऊ शकतं. कितीतरी आपली मुलं वीकेंडला मित्रांबरोबर रेंजवर जातात, फोटो टाकतात आणि यात काही असतं हे त्यांच्या गावीही नसतं. मेहुण्याला म्हणावं, आधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जा, त्याने हो म्हटलं तर रेंजवर ये. तोवर दोघांत मिळून काही घ्यायचं नाही आणि तुमच्या तिजोरीची किल्ली त्याच्याकडे राहू द्यायची नाही. तुम्ही स्वतः ग्रीन कार्डवर आहात, तुम्हाला ही आडकाठी नाही. दुकानात बंदूक घेताना फॉर्म ४४७३ भरावा लागतो. त्यात हे तुम्ही स्वतःसाठीच घेताय ना, असा सरळ प्रश्न असतो. तिथे खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे. आपल्याकडे ‘नावावर कुणाच्याही असू दे, घरातच आहे ना’ अशी सवय असते. ती या काउंटरवर चालत नाही.

आता रिव्हॉल्व्हर. मी भोसरीच्या एका टूलरूममध्ये बारा वर्षं काढून इकडे आलो. त्यामुळे कुठलीही यंत्रवस्तू हातात आली की आधी तिच्यातला प्ले, म्हणजे सैलपणा, बघतो, नाव मागून वाचतो. तरीही माझी पहिली खरेदी नाव आणि रूप पाहूनच झाली होती. .४५ कोल्ट, साडेसात इंची नळी, केस-हार्डन केलेल्या, म्हणजे वरचा थर कडक केलेल्या, चौकटीवर तेलाच्या तवंगासारखे निळे-तपकिरी रंग. भिंतीवर लावण्यासारखं होतं, आणि झालंही तसंच. काडतुसांचा खर्च पाहून मी महिन्याला जेमतेम एक डबी उडवायचो. दीड वर्षाने विकलं तेव्हा माझा नेम पहिल्या दिवशी होता तिथेच होता.

म्हणून तुम्ही आधी काडतूस ठरवा. तुम्ही महिन्यातून अडीच वेळा गेलात आणि दर खेपेला शंभर गोळ्या झाडल्या तर वर्षाच्या तीन हजार होतात. .४५ कोल्टची तयार काडतुसं .३८ स्पेशलच्या जवळजवळ दुप्पट पडतात. एका काडतुसामागे ४० सेंटचा फरक धरला तरी वर्षाला १,२०० डॉलर, म्हणजे तुमच्या बजेटपेक्षा जास्त. .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालतं. .३५७ हे .३८चंच लांब केलेलं भावंड आहे, १९३५चं. कागदावर नेम धरायला .३८ पुरेपूर झालं. आवाज सोसवतो, धक्का सोसवतो, चाप ओढण्याआधी डोळे मिटायची सवय लागत नाही. मित्राचं .४५ प्रेम समजतं मला. जड गोळी, संथ धक्का, त्यात मजा आहेच. पण ती मजा काडतुसं घरी भरणाऱ्यांना परवडते. तुम्ही पुढेमागे रीलोडिंगकडे वळलात तर .४५चा विचार तेव्हा करू.

.३८चा एक त्रास आत्ताच सांगून ठेवतो. ते आखूड असल्याने चेंबरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या घरात, त्याच्या तोंडापुढे काजळीचं कडं साचतं. पाच-सहाशे गोळ्यांनंतर हौसेने .३५७ घालायला जाल तर ते अर्ध्यात अडकेल. अंगठ्याने दाबून बसवू नका. पितळी ब्रश चेंबरमध्ये फिरवा, कडं निघून येतं.

मग कोल्ट का नको? ‘सिंगल अ‍ॅक्शन आर्मी’ हे मूळ पुरुष. १८७३ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलं तेच. घोडा सावकाश मागे ओढला की चार वेळा टिक होतं. इथले जुने लोक म्हणतात, ते स्वतःच्या नावाची चार इंग्रजी अक्षरं उच्चारतं. हातात इतकं नेमकं बसणारं दुसरं रिव्हॉल्व्हर मला माहीत नाही. पण नवं दोन हजार डॉलरच्या घरात जातं. आतल्या स्प्रिंगा पट्टीच्या आहेत, दीडशे वर्षांपूर्वीच्या आराखड्याच्या, आणि नियमित वापरात त्या मोडतात. मोडणं हा दोष नव्हे, ती पट्टीच्या स्प्रिंगेची जातच. पण रविवारी सकाळी चाळीस मैल गाडी चालवून रेंजवर पोचल्यावर तिसऱ्याच गोळीला काडतुसांचं सिलिंडर फिरेनासं झालं की माणूस काय बोलतो, ते या सदरात छापता येणार नाही.

आणि मोठी गोष्ट म्हणजे मूळ कोल्टमध्ये घोड्याच्या नाकालाच पिन असते. घोडा खाली टेकला की ती पिन थेट काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे बुडाशी ठिणगी देणाऱ्या भागावर, टेकते. रिव्हॉल्व्हर हातातून पडून घोड्यावर आपटलं तर गोळी सुटते. म्हणून त्यात सहा घरं असली तरी पाचच भरायची. एक भरा, एक सोडा, चार भरा, घोडा पूर्ण ओढा आणि धरून अलगद खाली सोडा. असं केलं की घोडा बरोबर रिकाम्या घरावर येतो. तुमच्या आजोबांच्या ठासणीवरही असंच काही पथ्य असणार. दारू ठासून टोपी चढवलेली बंदूक घोडा टेकवून कोण घेऊन फिरेल?

इटालियन, म्हणजे बहुतेक उबर्ती. ब्रेशियाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया या बंदुकांच्याच गावात १९५९ साली सुरू झालेला कारखाना. कोल्टची प्रतिकृती म्हणून काम चांगलं आहे, किंमत तुमच्या बजेटच्या आत. रूपासाठी घ्यायचं तर मी कोल्टऐवजी हेच घेईन. आतला आराखडा मात्र कोल्टचाच, त्यामुळे पट्टीच्या स्प्रिंगाही आल्या. अलीकडच्या काही मॉडेलांत घोड्यातली पिन आत सरण्याची सोय केली आहे. तरी रेंजवरचे जुने लोक त्यातही पाचच भरतात, आणि मीही तसंच करतो.

तुमच्यासाठी माझं मत रूगरकडे झुकतं, पण नव्या मॉडेलकडे. बिल रूगरने १९५३ साली .२२चं सिंगल-सिक्स आणि १९५५ साली ब्लॅकहॉक काढलं. रूप कोल्टचं ठेवलं आणि आत वेटोळ्याच्या स्प्रिंगा घातल्या. वेटोळं पट्टीसारखं एका जागी वाकत नाही, म्हणून टिकतं. १९७३ साली ‘न्यू मॉडेल’ आलं, त्यात ट्रान्सफर बार आहे. घोडा आणि पिन यांच्यामध्ये एक पोलादी पट्टी, ती चापाला जोडलेली. चाप मागे असेल तेव्हाच पट्टी वर उभी राहते, घोडा तिला मारतो, ती पिनला मारते. चाप सोडला की पट्टी खाली जाते आणि घोडा नुसता चौकटीवर टेकतो, पिनला पोचतच नाही. या बंदुकीत सहा भरता येतात. भोसरीत आम्ही प्रेसवर दोन्ही हातांची बटणं बसवायचो, त्यातलाच हा विचार.

तर पॉन शॉपमधलं. चौकटीच्या बाजूला तीन स्क्रू म्हणजे ते १९७३च्या आधीचं, ट्रान्सफर बार नसलेलं. दुकानदार खोटं बोलत नाहीये. या जुन्या रूगरांचा घोडा नव्यापेक्षा गुळगुळीत चालतो आणि शौकीन त्यासाठीच ती शोधत असतात. पण त्यांतही कोल्टसारखीच पाच घरांची शिस्त लागते. रूगर कंपनी ही जुनी रिव्हॉल्व्हरं परत मागवून त्यात फुकटात सुरक्षा-भाग बसवून देते आणि काढलेले मूळ भाग पिशवीत घालून बंदुकीबरोबर परत पाठवते. म्हणून दुकानात दोन गोष्टी पाहा. घोडा पूर्ण मागे ओढल्यावर त्याच्या समोर पोलादी पट्टी उभी दिसते का? दिसली तर बदल झालेला आहे. मग विचारा, मूळ भागांची पिशवी कुठे आहे? पिशवीसकट ५७५ डॉलर मला वावगे वाटत नाहीत. पिशवी हरवलेली असेल तर शौकिनांच्या लेखी किंमत उतरते, तुम्हीही उतरवून मागा. आणि बदल झालाच नसेल तर ते तुमचं पहिलं रिव्हॉल्व्हर होऊ नये. दुसरं किंवा तिसरं खुशाल होऊ दे. शिस्त अंगवळणी पडण्याआधी शिस्तीवरच विसंबणारं यंत्र नवशिक्याच्या हातात कशाला?

कोणतंही जुनं घेताना काउंटरवर हे करा. दुकानदाराला विचारून. बाजूचं झाकण उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे आधी स्वतः मोजा, त्याने मोजली असली तरी. मग सिलिंडरवर एक बोट हलकेच टेकवून ठेवा, ब्रेक लावल्यासारखं, आणि घोडा अगदी संथ मागे ओढा. घोडा पूर्ण मागे अडकायच्या आत, निदान त्याच क्षणी, सिलिंडर खाचेत पक्कं बसलं पाहिजे. घोडा अडकला आणि सिलिंडर अजून केसभर मागे राहिलं, तर टायमिंग गेलेलं आहे. सहाही घरांवर करून पाहा. पाच बरोबर आणि एक आळशी, असंही सापडतं. नंतर घोडा ओढलेला ठेवून, चापाला न शिवता, अंगठ्याने घोड्याला मागून पुढे जरा दाबा. निसटला तर बंदूक तिथेच ठेवून घरी या.

सिलिंडर आणि नळी यांमधली फट फिलर गेजने मोजा. होय, स्कूटरचा टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतो तोच. चार ते आठ हजारांश इंच ठीक. सिलिंडर पुढे-मागे हलवून त्यातला प्ले पाहा. फट मोजताना सिलिंडर मागे दाबून धरा, नाहीतर तुम्ही फट नव्हे, प्लेच मोजाल. नळीच्या मागच्या तोंडापाशी पांढऱ्या कागदाचा कपटा धरला की आत उजेड पडतो आणि आतल्या खाचांचा पीळ स्वच्छ दिसतो. फटीच्या वर चौकटीवर बारीक जळकी रेघ दिसेल. .३५७मध्ये ती पडतेच, थोडी खोल जाऊन थांबते, तिला घाबरू नका. सिलिंडरभोवती घासलेलं कडं दिसलं म्हणूनही नाक मुरडू नका, ते वापराचं लक्षण आहे. स्क्रूंच्या खाचा मात्र नीट बघा. कुरतडलेल्या असतील तर कुणीतरी स्वयंपाकघराच्या टेबलावर आत हात घातलाय. आत काय काय कापलंय, ते तुम्हाला दिसणार नाही.

नवं घ्यायचं तर रूगरचंच ब्लॅकहॉक की न्यू व्हॅकेरो? कागदावरच्या नेमासाठी ब्लॅकहॉक. त्याचं मागचं साइट, म्हणजे नेम धरायची खाच, स्क्रूने वर-खाली, डावी-उजवीकडे सरकतं. न्यू व्हॅकेरोची साइटं पक्की असतात. मागे चौकटीतच कोरलेली खाच, पुढे एक पातं. गोळ्या खाली लागायला लागल्या तर पुढच्या पात्यावर कानस मारायची, म्हणजे मार वर सरकतो. कानस मारणं मला आवडतं, पण निघालेलं पोलाद परत येत नाही. निदान शंभर गोळ्या एकाच जातीच्या झाडल्याशिवाय कानशीला हात लावू नये. उद्या तुम्हाला काउबॉय नेमबाजीचा नाद लागला, त्या टोप्या, ती टोपणनावं, दोन-दोन रिव्हॉल्व्हरं, तर तिथे पक्क्या साइटांचंच चालतं आहे असं दिसेल. मग व्हॅकेरो घ्या. व्हॅकेरोचा आणखी एक गुण म्हणजे झाकण उघडून सिलिंडर फिरवताना टिक झालं की घर बरोबर झाकणासमोर येतं. ब्लॅकहॉकमध्ये टिक ऐकून थांबलात तर घर जरा पुढे गेलेलं असतं आणि मागे फिरवता येत नाही, पुन्हा अख्खी फेरी. पहिला महिना वैतागाल. नंतर बोट टिकच्या आधी थांबायला शिकतं.

या बंदुका रिकाम्या करणं म्हणजे भुईमुगाच्या शेंगा सोलणं. एक घर समोर आणा, नळीखालची दांडी मागे ढकला, रिकामी पुंगळी हातात पडते, पुढचं घर. भराभर धडाडधूम करायचं असेल त्याने पिस्तूल घ्यावं. तुम्हाला अंगठ्याचं काम आवडलंय, म्हणजे हेही आवडेल.

हात महत्त्वाचा. मूठ नांगराच्या रुमण्यासारखी वळलेली असते आणि धक्क्याला तळहातात वर फिरते. ती फिरू द्यायची. आवळून धरलीत तर धक्का मनगटात जातो. करंगळीला मुठीवर जागा उरली नाही तर तिला मुठीखाली दुमडून ठेवतात, तसं करून पाहा. दुकानदार सुपर ब्लॅकहॉक दाखवील. .४४ मॅग्नमचं, आणि त्याच्या काही मॉडेलांवर चापाभोवतीचं चौकोनी कडं मधल्या बोटाच्या पेरावर आपटतं. आपल्याला ते नकोच. साडेसहा इंची .३५७ ब्लॅकहॉक साधारण सव्वा किलोचं होतं. उभ्याने तासभर झाडून हात थरथरायला लागला तर ४⅝ इंची नळीचं बघा. घोडा ओढताना मूठ किती सरकते ते आरशात पाहिलेलं बरं, कारण तुम्हाला स्वतःला ते जाणवत नाही.

हजारातले अडीचशे-तीनशे डॉलर मागे ठेवा. कानांसाठी आत बोंडं आणि वर मफ, दोन्ही, विशेषतः बंद रेंजवर. डोळ्यांना चष्मा. तिजोरी. आणि पहिली पाचशे काडतुसं. चाप जड वाटला म्हणून लगेच गनस्मिथकडे धावू नका आणि नेटवर पाहून स्प्रिंग तर अजिबात कापू नका. घोड्याची स्प्रिंग हलकी केली की टोपी फुटत नाही. पाचशे गोळ्यांत पुष्कळ काही आपोआप बसतं, चापही आणि बोटही. फ्रीडम आर्म्स कंपनीच्या रिव्हॉल्व्हरबद्दल कुणी सांगेल. वायोमिंगमधल्या फ्रीडम नावाच्याच गावचं काम, टूलरूमवाल्याच्या डोळ्यांत पाणी यावं इतकं काटेकोर. पण त्याची किंमत कोल्टच्याही वर, तेव्हा तूर्त नुसतं हातात घेऊन परत ठेवा.

मुलाचं. टेक्सासच्या कायद्यात भरलेली बंदूक निष्काळजीपणे ठेवली आणि ती १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो गुन्हा आहे, म्हणून रिव्हॉल्व्हर तिजोरीत आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. लपवून मात्र ठेवू नका. तेरा वर्षांच्या मुलाला तुमच्या घरातल्या सगळ्या लपवायच्या जागा ठाऊक असतात. त्याला दाखवा, रिकामं कसं करायचं ते शिकवा. रेंजवर न्यायचं ठरलं तर १८ वर्षांखालच्यांसाठी फेडरल कायदा पालकांची लेखी परवानगी मागतो, ती चिठ्ठी त्याच्या खिशात असू द्या. त्याच्यासाठी .२२ बरं. रूगरचं रँगलर नवं अडीचशे डॉलरच्या आत मिळतं आणि काडतुसं सगळ्यांत स्वस्त. पहिल्या दिवशी सिलिंडरमध्ये एकच काडतूस भरा आणि घोडा त्याला ओढू द्या. परतताना गाडीत काही खायच्या आधी दोघांनीही साबणाने हात धुवा, शिशाची पूड बोटांवर असते. रेंजवरचे कपडे वेगळे धुवायला टाका.